आपल्याच सेंटचा वास आपल्याला का येत नाही?

गल्लीत बीपी तपासायला बसलो होतो तेव्हाची गोष्ट. समोरच्या घरातला मुलगा बारावी झालेला, आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला निघाला होता. शर्ट कडक इस्त्रीचा, बूट थोरल्या भावाचे. सकाळी आठला त्याने बाजारातून आणलेलं सेंट मारलं. साडेआठला परत मारलं. निघायच्या आधी कॉलरच्या आत आणि बगलेत आणखी एकदा. मग तक्रार घेऊन आमच्याकडे आला.

"सिस्टर, दुकानदारानं फसवलं. दीडशे रुपये घेतले आणि अर्ध्या तासात वास गायब. माल नकली निघाला."

तेवढ्यात आतून त्याची आजी खोकत बाहेर आली. पदर नाकाला. "नकली? अरे, माझा घसा धरला ना तुझ्या सेंटनं. आधी दार उघड मेल्या!"

एकाच खोलीत दोन माणसं. एकाला वासच येत नाही, दुसरीला श्वास घेणं मुश्कील. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. दुकानदारही खरा होता. वास कपड्यावर होता, खोलीत होता, आजीच्या नाकात होता. फक्त त्या मुलाच्या नाकाने त्याची नोंद घेणं बंद केलं होतं.

आम्ही त्याला म्हटलं, "आता आणखी मारू नकोस. नाक्यापर्यंत चालत जा, पाच-दहा मिनिटं मोकळ्या हवेत थांब. मग कॉलर नाकाशी धर आणि सांग." तो परत आला तो हसतच. "सिस्टर, लई झालं ओ!" मग शर्ट बदलून गेला.

हे प्रत्येकाच्या नाकात घडतं. ते का घडतं हे समजून घेतलं तर सेंटचे पैसे वाचतील. पण आम्ही हा विषय घेतला तो पैशासाठी नाही. नाकाच्या या सवयीमुळे कधी कधी जीवावर बेततं.

नाकात काय होतं?

नाकपुडीच्या आत, अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधे वास ओळखणाऱ्या पेशींचा लहानसा पट्टा असतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा, दोन्ही बाजूंना एकेक. या पेशींवर वासाच्या कणांसाठी कुलपं असतात असं समजा. माणसाच्या नाकात अशी सुमारे ४०० प्रकारची कुलपं आहेत. सेंटचा कण हवेतून येतो, आपल्या जोडीच्या कुलपात बसतो, पेशी मेंदूला निरोप धाडते. ही कुलपं कशी घडली आहेत हे रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे आपण रोज वापरतो त्या नाकाचं कोडं सुटायला लागून फार वर्षं झालेली नाहीत.

आता तोच कण पुन्हा पुन्हा येत राहिला तर? निरोप धाडताना पेशीत कॅल्शियम शिरतं आणि तेच कॅल्शियम पेशीचं दार ओढून घ्यायला लागतं. पेशी मंद होते. हे काही सेकंदांत, मिनिटांत सुरू होतं. त्याच्यावर मेंदूचं काम वेगळंच. मेंदू म्हणतो, हा वास मघापासून आहे, त्यात नवीन काही नाही, बाजूला ठेवा.

आपल्या गल्लीतलं कुत्रं आठवा. रोजच्या माणसाला बघून ते शेपटीही हलवत नाही. नवा माणूस आला की भुंकून गल्ली जागी करतं. नाकाचा स्वभाव तोच आहे. घरात काय आहे हे ते सांगत नाही. घरात नवीन काय आलं हे सांगतं. जे रोजचं झालं त्यावर ते भुंकत नाही.

फक्त नाकच असं वागतं असंही नाही. पंख्याचा आवाज लाईट गेल्यावर कळतो. कपाळावर चढवलेला चष्मा आपण घरभर शोधतो. शरीर बदल टिपतं, कायमचं असेल ते सोडून देतं. हजारो वर्षांपूर्वी रानात राहणाऱ्या माणसाला याचा फायदाच होता. कालच्याच वासात नाक गुंतून राहिलं असतं तर वणव्याचा धूर त्याला कळला नसता.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, नाक थकतं ते मुख्यतः त्याच वासापुरतं. सेंटचा वास येईनासा झाला तरी फोडणीतल्या लसणाचा वास येतो. दुसरी, नाक पुन्हा ताजं होतं. थोडा वेळ वास घेतला असेल तर मोकळ्या हवेत काही मिनिटांत. पण जो वास आठवडेच्या आठवडे घरात आहे, त्याच्यासाठी नाक ताळ्यावर यायला कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणूनच गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परतलो की दार उघडताच आपल्याच घराचा वास आपल्याला येतो. पाच मिनिटांत तो पुन्हा नाहीसा होतो. घर तेच असतं.

सेंटच्या काही दुकानांत नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगायला देतात. साध्या हवेपेक्षा त्यांचा काही जास्त उपयोग होत नाही. दारात जाऊन उभं राहा, फुकटात काम होतं.

सेंट किती मारायचं?

सेंट उडून जातं हेही खरं आहे. त्यातला लिंबासारखा हलका वास पहिल्या काही मिनिटांत जातो, चंदनासारखा जड वास तासन्‌तास टिकतो. फवाऱ्याच्या बाटलीत अल्कोहोल असतं, ते चटकन उडतं. अत्तर तेलात असतं म्हणून फाया कानात ठेवला की दिवसभर दरवळतो. पण वास खरंच उडाला की आपलं नाक थकलं, हे आपल्या नाकाला कळत नाही. ते दुसऱ्या माणसाला विचारावं लागतं.

म्हणून एकदा मारा आणि बाटली ठेवून द्या. पुन्हा मारावंसं वाटलं तर घरातल्या कुणाला तरी विचारा. दम्याचा पेशंट, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर बाहेर ओट्यावर मारा. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत वास जायला वाट नसते. तीव्र वासाने दम्याचा झटका येऊ शकतो, अर्धशिशी उठू शकते. बाळाच्या अंगाला सेंट लावूच नका. आणि डब्यातला बॉडी स्प्रे गॅसजवळ, मेणबत्तीजवळ कधीही मारू नका. त्या डब्यातून फवारा बाहेर ढकलायला बहुधा पेट घेणारा वायूच भरलेला असतो.

लेकीचं नाक

आता वॉर्डातली गोष्ट. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत पाऊल ठेवलं तेव्हा आमच्यातल्या दोघी उलटी करायला धावल्या होत्या. फिनाईल, स्पिरिट, पू, रक्त. आठवड्याभरात आम्ही त्याच खोलीच्या बाहेर बसून डबा खात होतो. आम्हाला वाटलं, आपण धीट झालो. खरं म्हणजे आमचं नाक गप्प झालं होतं. तेव्हापासून एक शिकलो. जखमेला वास सुटला आहे का, हे रोज ड्रेसिंग करणारीने एकटीने ठरवू नये. नुकत्याच ड्युटीवर आलेल्या सिस्टरला बोलवावं.

वस्तीत आल्यावर हेच पुन्हा दिसलं. साठीच्या एका बाबांना दहा-बारा वर्षांची शुगर. तळपायाला खिळा लागला होता. शुगरमुळे पाय बधिर, म्हणून दुखलं नाही. डोळ्यांना कमी दिसत होतं, म्हणून पायाखाली काय झालंय ते दिसलं नाही. राहिलं नाक. बाबा आणि आई दिवसभर त्याच खोलीत, वास हळूहळू वाढत गेलेला, दोघांनाही काही जाणवलं नाही. पंधरा दिवसांनी लग्न झालेली लेक भेटायला आली. उंबऱ्यातच थांबली.

"आई, घरात कसला वास येतोय गं?"

आईला राग आला. "मोठ्या घरात गेलीस म्हणून आता आमच्या घराला वास यायला लागला का?"

लेक काही बोलली नाही. वाकली, बापाचा मोजा काढला. दोन बोटांच्या मधली जागा काळी पडली होती. त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. एक बोट गेलं, पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर काय झालं असतं, ते आम्ही वॉर्डात पुष्कळ वेळा पाहिलंय.

आईला राग का आला हेही आम्हाला कळतं. 'तुमच्याकडे वास येतो' हे वाक्य आपल्या लोकांनी शाळेत, नोकरीत, भाड्याची खोली बघताना फार ऐकलंय. त्यात अपमान असतो. म्हणून घरातलंच कुणी तसं म्हणालं तरी काळजात टोचतं. पण नाकाला जात नसते आणि बंगला नसतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला स्वतःच्या कपड्यांचा वास येत नाही. बंगल्यात कुत्रा पाळणाऱ्याला कुत्र्याचा येत नाही. कुणाचंच नाक स्वतःच्या घराबद्दल साक्ष देऊ शकत नाही. तेव्हा घरी आलेल्या लेकीने, भाचीने, पाहुण्याने वास येतो म्हटलं तर रुसू नका. त्याचं नाक ताजं आहे. ते वापरून घ्या.

"यांना सवय असते"

आता ज्या वाक्याने आम्हाला खरंच राग येतो त्याकडे येतो. नाल्याच्या कडेला पाहणी चालू असते. आलेले साहेब रुमाल नाकाला लावतात आणि सोबतच्याला म्हणतात, "इथल्या लोकांना सवय असते."

यातलं अर्धं खरं आहे. नाकाला सवय होते. फुप्फुसाला होत नाही. आतड्याला होत नाही. नाल्यावरच्या डासाला, पाण्यातल्या जंतूला, जळत्या कचऱ्याच्या धुराला तुमच्या सवयीशी देणंघेणं नाही. चुलीचा धूर, रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती, बंद खोलीतला उदबत्तीचा धूर, सगळ्यांचं तसंच. वास जाणवेनासा होतो, धूर छातीत जातच राहतो. उदबत्ती लावायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून लावा.

म्हणून आम्ही बायकांना एक सवय लावली आहे. गावाहून परत आल्यावर दार उघडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत जो वास जाणवेल तो वहीत लिहायचा. तारीख, वेळ, कुठून येतो, कशाचा वाटतो. ओल, गटार, जळका, गॅस. नाल्याबद्दल अर्ज करताना ही वही उपयोगी पडते. 'नेहमीच वास येतो' या वाक्यापेक्षा तारखेसकट लिहिलेल्या नोंदीला जास्त वजन असतं.

गॅसचा वास

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. तो गळला तर कळावा म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा घाण वास मुद्दाम मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ रोजी शाळेखाली साठलेल्या बिनवासाच्या गॅसचा स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, त्यात बहुतेक लेकरं होती. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. आपल्याकडच्या सिलेंडरमध्येही तो वास घालतात आणि प्रमाण असं ठेवतात, की पेट घेण्याइतका गॅस हवेत जमण्याच्या कितीतरी आधी नाकाला कळावं.

पण हे ताज्या नाकाला. गळती बारीक असेल, वास हळूहळू चढत असेल आणि आपण तासभर त्याच खोलीत भाकऱ्या थापत असू, तर आपलं नाक त्या वासालाही सरावतं. झोपलेल्या माणसाला तर बहुतेक वेळा वासाने जाग येतच नाही. म्हणून बाहेरून आलेलं पोर म्हणालं, "आई, गॅसचा वास येतोय," तर "मला तर येत नाही" असं म्हणून त्याला गप्प करू नका.

एक वायू तर असा आहे की त्याला वासच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोकं जड होतं, गुंगी येते, माणूस उठतच नाही. थंडीत शेगडी घरात घेऊन झोपू नका.

टाकीतला वास

आणि आता सगळ्यात जिवावरचं. गटारात, सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास. हवेत नखभर असला तरी नाकाला कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. सेंटसारखं हे सरावणं नाही, ही विषबाधा आहे. टाकीच्या तोंडाशी उभ्या माणसाला आधी घाण वास येतो, मग येईनासा होतो. तो म्हणतो, "वास गेला, आता उतरायला हरकत नाही." वास गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं. प्रमाण आणखी वाढलं की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. एकाच टाकीत दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात.

माणसाला साधनांशिवाय गटारात, टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूसाठी नुकसानभरपाई ३० लाख रुपये ठरवली आहे. पण पैसा माणसाला परत आणत नाही. घरातलं कुणी या कामाला जात असेल तर त्याला एवढं सांगाच: वास येत नाही म्हणजे टाकी साफ झाली असं नाही. काडी टाकून बघणं, कंदील सोडून बघणं ही तपासणी नव्हे, त्याने भडकाही उडू शकतो. आणि कुणी आत पडला तर वरच्याने उतरू नये. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

कुठलाच वास येत नसेल तर?

एकच वास येत नसेल तर नाक थकलंय. काहीच येत नसेल तर ते वेगळं. लसूण, हिंग, साबण एकेक करून हुंगून पाहा. सर्दीत नाक चोंदलं की वास जातो आणि सर्दीबरोबर परत येतो. कोविडमध्ये अनेकांचा गेला होता. नाकात वाढलेला कोंब, डोक्याला मार, वाढतं वय यांनीही जातो. कंपवातात हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास कमी झालेला असू शकतो. सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास येत नसेल तर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आजारानंतर गेलेला वास परत यायला एक साधा व्यायाम देतात: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, प्रत्येक वास थोडा थोडा, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने मन लावून हुंगायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण अनेकांना येतो. तोवर घरात गॅस आणि शिळं अन्न तपासायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी द्या.

कापून भिंतीला लावा

● सेंट एकदाच. पुन्हा मारण्याआधी दुसऱ्याला विचारा.
● शुगर असलेल्याचे पाय रोज संध्याकाळी उजेडात, बोटांच्या मधेसुद्धा पाहा. वासाची वाट पाहू नका.
● बाहेरून आलेल्याने वास येतो म्हटलं तर आधी शोधा, मग वाद घाला.
● गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, बाहेर पडा. लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. पंखा लावू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून खाली झोपलेल्या पोरांना आधी उचला. बाहेर आल्यावर १९०६ वर फोन करा, तो गॅसगळतीसाठीचाच क्रमांक आहे.
● रात्री झोपताना वास येवो न येवो, रेग्युलेटर बंद.
● टाकीत उतरायचं नाही, उतरू द्यायचं नाही.

मुलाखतीला गेलेल्या त्या पोराला नोकरी लागली. परवा गल्लीत भेटला, सेंट बेताचंच होतं. आम्हाला बघून थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, आता घरातून निघताना आजीला विचारतो, वास बरोबर आहे का. ती म्हणते, कमी कर. मी कमी करतो."